फाइल माझीच हाय

आमच्या गावाचं नाव सांगत नाही. दिंद्रुडहून माजलगावकडं निघालं की वाटेत लागतं, एवढं पुरे. न सांगण्याचं कारण साधं आहे. पुढं ज्यांच्याविषयी चार कडू शब्द येणार आहेत ते दूध केंद्राचे चेअरमन अमरसिंह आबा याच गावात राहतात आणि मलाही इथंच राहायचं आहे. मी हरिओम, दूध संकलन केंद्राचा सचिव. नाव मोठं, काम खिडकीत बसण्याचं. सकाळ-संध्याकाळ दुधाचं वजन घ्यायचं, फॅट बघायची, चिठ्ठी हातात द्यायची आणि दूध घालणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या, दोघांच्याही शिव्या पोटात घालायच्या. माझे केस दुधानं पांढरे झालेले नाहीत, या खिडकीनं झालेत.

पण गोष्ट माझी नाही, बबिताची आहे. गावात तिच्याविषयी दोन तऱ्हांनी बोलतात. काही म्हणतात, पोरगी लई हुशार. काही म्हणतात, हुशार खरी पण व्यवहार कळत नाही. गप बसली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? मी दोन्हीकडचं ऐकतो आणि चिठ्ठी फाडतो. आज मात्र माझं म्हणणं सांगून टाकायचं ठरवलंय.

बबिता गावात आली ती बजरंगची बायको म्हणून. धनगराचं घर. दिवाळी झाली की बजरंग मेंढरं घेऊन गोदाकाठाला उतरतो आणि पाऊसकाळ तोंडावर आला की परततो. घरी सासू रतनबाई आणि धाकटा दीर युवराज. बबिता माजलगावच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेली. लग्नात तिच्या बापानं भांड्याकुंड्यांबरोबर एक जुना लॅपटॉपही दिला, तेव्हा वऱ्हाडातलं कुणीतरी म्हणालं, "मेंढरं मोजायला दिलाय काय बे?" सगळे हसले. रतनबाई हसली नाही. म्हणाली, "तिचं ती राखती, आपलं आपण राखू." त्या घरातली कामाची वाटणी एवढ्या एका वाक्यात झाली आणि त्यावरून पुन्हा कधी भांडण झालं नाही.

रतनबाईचा एक रिवाज आत्ताच सांगून ठेवतो, पुढं लागणार आहे. त्यांच्या वाडग्यातून, म्हणजे मेंढरांच्या कोंडवाड्यातून, एकही मेंढरू तिचा हात लागल्याशिवाय बाहेर जात नाही. विकलेलं असो, लेकीला द्यायचं असो, नाहीतर पाहुण्याकडं पोचवायचं असो. ती जनावराच्या पाठीवर हात ठेवते आणि नेणाऱ्याला विचारते, "कुणाकडं? कावून?" उत्तर पटलं तर म्हणते, "न्या." नाही पटलं तर जनावर परत आत. एकदा खुद्द तिचा भाऊ एक मेंढा न्यायला आला होता आणि 'कावून'चं, म्हणजे 'का'चं, उत्तर देताना जरा अडखळला. तो मेंढा आता म्हातारा झालाय, अजून वाडग्यातच आहे आणि भाऊ अजून रुसलेलाच आहे.

आता बबिताचं काम. आमच्या केंद्रात वजनकाटा एका कंपनीचा, फॅटचं यंत्र दुसरीचं आणि कॉम्प्युटर तिसरीचा. तिघांची तोंडं तीन दिशांना, अगदी भावकीसारखी. यंत्रावरचा आकडा मी डोळ्यांनी वाचायचा, बोटांनी कॉम्प्युटरात टाकायचा आणि मागं रांगेनं खोकत राहायचं. बबिता दूध घालायला आली की हे उभी राहून बघायची. एक दिवस म्हणाली, "काका, ह्या तिघांला एकमेकासंगं बोलायला लावू का?" रिकामा कॅन पालथा घालून ती कोपऱ्यात बसली ती रोज बसायला लागली, आणि त्या दिवाळीपर्यंत दोन्ही यंत्रांचे आकडे आपोआप चिठ्ठीवर उमटायला लागले. त्या प्रोग्रामाला तिनं नाव दिलं 'दूधकाटा'.

तो तिनं इंटरनेटवरच्या एका भांडारात ठेवून दिला. जगभरचे लोक आपापले असे तयार प्रोग्राम, त्यांना पॅकेज म्हणतात, तिथं ठेवतात. ज्याला लागेल तो उचलतो आणि आपल्या मोठ्या सॉफ्टवेअरात बसवतो. लातूर, नगर, सोलापूर, जिथं जिथं दूध केंद्रांची सॉफ्टवेअरं बनतात तिथल्या लोकांनी दूधकाटा उचलला.

"फुकट कावून देतीस?" मी विचारलं होतं.

"काका, वाटंवरच्या हौदाला कुणी कुलूप लावतंय का?"

बरोबर आहे. पण हौदाला कुलूप नसलं तरी त्यात कोण काय टाकतं यावर डोळा ठेवावा लागतो, आणि हे धनगराच्या लेकीला मी सांगायला नको होतं. तिथंच ती चुकली.

चूक अशी झाली. भांडारात नवी आवृत्ती चढवायला एक चावी लागते. चावी म्हणजे अक्षरं-आकड्यांची एक लांबच लांब ओळ. ती ज्याच्याकडं असेल तो बबिताच्या नावानं काहीही चढवू शकतो. बबिता बाळंतपणाला माहेरी गेली होती तेव्हा एका केंद्रात नवं यंत्र आलं आणि दूधकाटा त्याला ओळखेना. तिच्या माहेरच्या वस्तीवर लिंबाच्या झाडावर चढल्याशिवाय नेटवर्क मिळत नाही, आणि बाळंतिणीनं झाडावर चढू नये असं सगळ्यांचं मत पडलं. युवराजला प्रोग्राम लिहायला तिनंच शिकवलेलं. तो केंद्राकेंद्रांवर सॉफ्टवेअर बसवून द्यायचा. तिनं चावी त्याला व्हॉट्सॲपवर पाठवून दिली. त्यानं दुरुस्ती चढवली. काम झालं.

बाळ रांगायला लागलं, चालायला लागलं, चावी तिकडंच राहिली. परत का घेतली नाही? शहरातल्या माणसाला हे समजणार नाही. आमच्याकडं घरात दिलेली वस्तू दिराकडून परत मागणं म्हणजे त्याला चोर म्हणणं. सुनेनं फोनला कुलूप घातलं तरी घरातली माणसं विचारतात, आमच्यापासून काय लपवतीस? चावी बदलली असती तर युवराजला कळलं असतं, आणि त्यानं विचारलं असतं, "वहिनी, माझ्यावर भरोसा न्हाई का?" या एका प्रश्नाच्या धाकानं आमच्या तालुक्यात किती कुलपं उघडी पडलीत ते देव जाणे.

उन्हाळ्याच्या तोंडाला सारजाबाई खिडकीशी येऊन तंडायला लागली. सारजाबाई म्हणजे दोन म्हशी आणि एक जीभ, तिन्ही धडधाकट.

"हरिओम, म्हस तीच, पेंड तीच, पाणी तेच. फॅट कावून उतरली?"

"उन्हाळा हाय, मावशी."

"उन्हाळा काय पयल्यांदाच आलाय व्हय रे?"

फॅटवर दुधाचा भाव ठरतो, त्यामुळं हा प्रश्न कुणीही हसण्यावारी नेत नाही. तिचं तोंड बंद व्हावं म्हणून मी यंत्राचा पडदाच तिच्याकडं फिरवला. पडद्यावर सहा पॉइंट अडुसष्ट. चिठ्ठी बाहेर आली, तिच्यावर सहा पॉइंट सहा. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. चिठ्ठीवर पॉइंटनंतर एकच आकडा छापतात. अडुसष्टचा जवळचा आकडा सात, आणि पूर्वी सातच यायचा. मागच्या माणसाचं दूध लावलं. पडद्यावर पाच पॉइंट एकोणसाठ, चिठ्ठीवर पाच पॉइंट पाच. शेवटचा आकडा कुणीतरी कापत होतं. आठ असो, नऊ असो, बघायचंच नाही, खाली ओढायचं. म्हटलं तर थेंबभर. पण प्रत्येकाच्या कॅनमधून आणि दोन्ही वेळेला.

रांग मोडून लोक खिडकीला भिडले. कुणीतरी ओरडलं, "ह्यो दूधकाटा त्या बबिताचाच हाय ना?" मग सगळ्यांनाच ते आठवलं. कालपर्यंत गावाची लेक होती ती घटकेत चोर झाली.

मी फोन केला. ती आली, एका काखेत लॅपटॉप, दुसऱ्या काखेत पोर. पोर सारजाबाईनं न विचारताच उचलून घेतलं. भांडण भांडणाच्या जागी. पाठोपाठ अमरसिंह आबांची गाडी आली. आबांना गावात काही घडलं की वास येतो, आणि आल्या आल्या ते निकालही देतात.

"काई न्हाई," आबा म्हणाले, "कुणीतरी पेनड्राइव्हवरून खोटी फाइल घातलीय, ह्या पोरीचं नाव लावून. आमच्या केंद्राला बदनाम करायचा डाव हाय. काय गं पोरी?"

वाट अगदी सरळ करून दिली होती. बबितानं तिच्यावर पाऊल टाकलं नाही. "बघावं लागंल, आबा," एवढंच म्हणाली.

कसं बघायचं ते तिनं लोकांना समजावून सांगितलं. प्रत्येक फाइलीचा एक ठसा काढता येतो. आख्खी फाइल यंत्रानं वाचून काढलेली अक्षरांची एक ओळ असते ती. फाइलीत एक टिंब बदललं तरी ओळ पार वेगळी येते. खरेदीखतावरच्या अंगठ्यासारखं, एकाचा दुसऱ्याला जुळत नाही. भांडारात आजवर चढलेल्या प्रत्येक फाइलीचा ठसा कायमचा जपलेला असतो. बबितानं एक ओळख पटवणारा प्रोग्राम केलेला होता, कारण आमच्याकडं निम्मी सॉफ्टवेअरं पेनड्राइव्हवरूनच गावोगाव फिरतात. समोरची फाइल त्याच्या हवाली केली की तो ठसा काढतो, भांडारातल्या ठशांशी ताडतो आणि सांगतो, ही माहितीतली फाइल आहे, अमुक आवृत्ती, अमक्याच्या नावानं चढलेली. नाहीतर सांगतो, अनोळखी.

तिनं केंद्रातल्या कॉम्प्युटरमधली फाइल त्याला दिली. पडद्यावर एक हिरवी ओळ उमटली. बबिता ती बघत राहिली. मी शेजारीच होतो, मलाही वाचता आली. माहितीतली फाइल. दूधकाटा. चढवणारी, बबिता.

"काय आलं गं?" सारजाबाईनं विचारलं.

आबा वाकले आणि हळूच म्हणाले, "अनोळखी म्हन आन् मोकळी हो. कोण वाचायलंय इथं?"

ती उठली आणि खिडकीतून रांगेकडं तोंड केलं. "फाइल माझीच हाय," ती म्हणाली. "मी लिहिली न्हाई. पण माझ्या नावानं, माझ्याच चावीनं गेलीय. खोटी असती तर मी सुटले असते. खरी हाय."

मग जो गलका झाला तो लिहिण्यासारखा नाही. सारजाबाई तेवढी गप्प होती, कारण तिच्या कडेवर बबिताचंच पोर झोपलं होतं. मला बबिताचा राग आला. एवढ्या माणसांत एवढं खरं बोलायची काय गरज होती? घरी जाऊन ताटावर बसलो तेव्हा कळलं की राग तिच्यावर नव्हताच. तिच्या जागी मी असतो तर काय म्हणालो असतो, ते मला पक्कं ठाऊक होतं.

घरी गेल्यावर तिनं युवराजला रतनबाईच्या देखत विचारलं. "भाऊजी, चावी तुमच्याकडंच हाय ना?" जो प्रश्न विचारायला ती इतके दिवस लाजली तो शेवटी विचारावाच लागला, आणि तोही वाईट वेळी. युवराजनं नाकारलं नाही. केंद्रांवर बसवणीचं काम त्याला आबांनी मिळवून दिलं होतं. आबा एकदा बोलता बोलता म्हणाले, "ते पुढचे आकडे कशाला पायजेत? कापून टाक की. सुटसुटीत दिसतंय." त्यानं कापले आणि वहिनीच्या चावीनं चढवून दिले. "तुमाला सांगणारच होतो," तो म्हणाला, "पण बाळ आजारी होतं." कापणं वेगळं आणि जवळच्या आकड्यावर आणणं वेगळं, हे तुला माहीत नव्हतं का, असं मी त्याला पुढं एकदा विचारलं. म्हणाला, "माहीत होतं, काका. एवढं वाढंल असं वाटलं न्हवतं."

संध्याकाळी आबा बबिताच्या घरी ओट्यावर जाऊन बसले. मलाही बोलावणं होतं. आबांचा आवाज अशा वेळी लोण्यासारखा होतो.

"घरातली गोष्ट घरात ऱ्हाऊ द्या. आवृत्तीच्या त्याच नंबराच्या जागी चांगली फाइल सरकवून दे. नाव तेच, नंबर तोच. कुणाला कळतंय?"

"एकदा चढलेली फाइल भांडार बदलू देत न्हाई, आबा. आन् देत असतं तरी म्या बदलली नसती. नंबर एकच आन् काल एक फाइल, आज दुसरी, मंग ठशाला काय किंमत राह्यली?"

"किंमत ठशाला नसती पोरी, नावाला असती. नाव जाईल तुझं."

"नावासाठीच करायलेय," बबिता म्हणाली, आणि चहा आणायला आत गेली. चहा चांगला झाला होता. आबांनी अर्धा ठेवला.

त्याच दिवशी तिनं जुनी चावी रद्द केली. भांडारात त्या आवृत्तीवर 'मागं घेतली' असा शेरा मारला आणि खाली मराठीत व इंग्रजीत लिहिलं, ही आवृत्ती फॅटचा शेवटचा आकडा कापते, वापरू नका, दुरुस्त आवृत्ती येईपर्यंत आधीची लावा, चावी सांभाळण्यातली चूक माझी आहे. युवराजचं नाव घातलं नाही. गावाला ते एव्हाना कळलंच होतं. जगाला सांगायची काय गरज, असं तिचं म्हणणं.

पण आमची निम्मी केंद्रं भांडार बघतच नाहीत. सॉफ्टवेअर बसवणारा पेनड्राइव्ह घेऊन येतो आणि जातो. तेव्हा बबितानं पोर रतनबाईकडं दिलं आणि स्कूटी काढली. भर उन्हात गावोगाव. परळीच्या रस्त्याला वीज केंद्रातल्या राखेचे ट्रक सतत चालू. परत यायची तेव्हा तिच्या भुवया माझ्या केसांसारख्या झालेल्या असायच्या. एका केंद्रावर तिला आत घेतलं नाही, वर घरच्यांवरून बोलले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथंच गेली. एका गावी बसवणारा कपिलधारला दर्शनाला गेलेला, किल्ली त्याच्याकडं. ही तो येईपर्यंत पायरीवर बसून राहिली. "फोन केला असता की," मी म्हटलं. "काका, फोनवर 'हो' म्हणत्यात आन् विसरत्यात. समोर बसलं की काम करत्यात."

परळीजवळच्या एका केंद्रावर मी तिच्याबरोबर गेलो होतो. तिथला बसवणारा हाताची घडी घालून उभा. "म्याडम, आमची फाइल एकदम असल हाय. तुमच्याच प्रोग्रामनं तपासलीय, ठसा जुळतो."

"जुळतो म्हणूनच आलेय," बबिता म्हणाली.

त्यानं हाताची घडी सोडली. मग तिनं त्याला सांगितलं, की ठसा एवढंच सांगतो, ही फाइल कुणाच्या घरून आली. त्या घरात काय शिजलं ते तो सांगत नाही. त्यासाठी घराचं दार नीट करावं लागतं. तोवर तिनं ओळख पटवणाऱ्या प्रोग्रामात एक नवा शेरा घातला होता, 'माहितीतली, पण मागं घेतलेली', आणि तो लाल अक्षरांत येत होता. बसवणाऱ्यानं लाल ओळ बघितली आणि मुकाट्यानं खुर्ची रिकामी करून दिली.

दार नीट करायचं काम तिनं मग हाती घेतलं. पहिली गोष्ट, चावी ठेवायचीच नाही. कुणाकडंच नाही, तिच्याकडंही नाही. प्रोग्रामाचा मजकूर सगळ्या जगाला दिसेल असा उघड्यावर. त्यातून पॅकेज तयार होणार ते तिच्या लॅपटॉपवर नाही, तर इंटरनेटवरच्याच एका यंत्रावर, दिसतो त्याच मजकुरातून. त्या यंत्राला भांडाराचं दार उघडायची परवानगी तेवढ्या एका खेपेपुरती मिळते आणि लगेच मरते. चोरायला काही उरतच नाही. आणि शेवटची गोष्ट अशी, की पॅकेज बाहेर पडण्याआधी दुसऱ्या एका माणसानं हो म्हणायचं. बोटाच्या पेराएवढं एक यंत्र असतं, ते कॉम्प्युटरात खोचायचं, त्याचा दिवा लुकलुकतो, त्यावर त्या माणसानं बोट ठेवायचं. बोट ठेवलं नाही तर खुद्द बबितालाही काही बाहेर पाठवता येत नाही.

हा दुसरा माणूस कोण? दूधकाटा वापरणारे लातूरचे सॉफ्टवेअरवाले व्हिडिओ कॉलवर होते. त्यांनी पुण्यातल्या एका इंजिनिअरचं नाव सुचवलं. बबिता म्हणाली, "आमच्या आत्या." आत्या म्हणजे सासू, रतनबाई. मला हसू आवरेना. लातूरवाला सभ्य माणूस, त्यानं फक्त विचारलं, "पण त्यांना कोड कळतो का?"

"कोड वाचायला तुमी हाव की. तुमी दोघं वाचून पास करा, मगच तो आत्यांपुढं येईल. आत्या कोड बघणार न्हाईत, आमाला बघत्याल. माझी चावी गेली ती कोड न कळल्यानं न्हाई, सर. 'न्हाई' म्हणता न आल्यानं गेली. आमच्या घरात तोंडावर 'न्हाई' म्हणणारं एकच माणूस हाय."

माझं हसू तिथंच थांबलं. लातूरवाल्यानं रतनबाईचं नाव लिहून घेतलं.

रतनबाईनं ते यंत्र उलटंपालटं करून बघितलं आणि चंचीत टाकलं, सुपारी आणि चुन्याच्या डबीशेजारी. बबितानं तिच्या नावानं खातं काढलं आणि त्यावर फोटो लावला तो त्या म्हाताऱ्या मेंढ्याचा. त्याच आठवड्यात आमच्या केंद्राची सभा झाली. अमरसिंह आबांनी पारदर्शक कारभारावर भाषण केलं आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, पण लोकांना दिसावं म्हणून वाजवायचं नाटकही मला करावं लागलं नाही. मी त्या वेळी माईक धरून उभा होतो.

राहिली दुरुस्त आवृत्ती. ती कुणी लिहायची? बबिता युवराजला म्हणाली, "तुमीच लिहा, भाऊजी." मी भडकलो. पुन्हा त्याच्याच हातात? "काका, तोडलं त्यांनी, जोडत्याल बी तेच. मी वाचीन, लातूरवाले वाचत्याल, मंगच जाईल." त्यानं लिहिलं. आकडा जवळच्या आकड्यावर येतो की नाही याची तपासणीही त्यातच घातली, म्हणजे पुन्हा कुणी कापलं तर प्रोग्राम स्वतःच ओरडेल. बबितानं दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा लातूरवाल्यांनीही पास केलं. आता फक्त रतनबाईचं बोट राहिलं होतं.

दुपारची वेळ. अंगणात लिंबाखाली बाज, बाजेवर लॅपटॉप, भोवती आम्ही. रतनबाईनं चंचीतून यंत्र काढून खोचलं. दिवा लुकलुकायला लागला. बोट मात्र खाली आलं नाही. तिनं लेकाकडं बघितलं.

"कुणाकडं?"

युवराज हसला. "सगळ्या केंद्रांवर, माय."

"कावून?"

"दुरुस्ती हाय."

"कशाची?"

"फॅटच्या आकड्याची."

"आकडा आपोआप मोडलाय का?"

युवराजचं हसू गेलं. खाली बघत म्हणाला, "म्या मोडला."

"सारजाला सांगितलंस?"

"सगळ्या गावाला माहीत हाय, माय."

"गावानं सांगितलं. तू सांगितलंस का?"

रतनबाईनं यंत्र उपसलं, चंचीत टाकलं आणि अडकित्त्यानं सुपारी कातरायला घेतली.

"आत्या," बबिता म्हणाली, "लातूरवाले वाट बघायलेत."

"बघू दे."

मी बबिताकडं बघितलं. म्हटलं, आता चिडणार. इतक्या उन्हातान्हात हिंडून, इतकी बोलणी खाऊन काम शेवटाला आणलं आणि सासू सुपारी कातरत बसलीय. पण ती चिडली नव्हती. बाजेच्या माचव्याला टेकून शांत बसली होती. त्या अंगणात त्या दिवशी खरोखर खूश असं एकच माणूस होतं, आणि ते बबिता होती. तिनं केलेलं दार पहिल्याच दिवशी तिलाही उघडत नव्हतं.

युवराज उठला. मी त्याच्यामागून गेलो. सचिव आहे, साक्षीला कुणीतरी हवंच. सारजाबाई हौदावर म्हैस धूत होती. आम्ही आल्याचं तिला कळलं, पण तिनं वळून बघितलं नाही.

"मावशी," युवराज म्हणाला, "तुमच्या फॅटचा आकडा म्या कापला. सगळ्यांचाच कापला."

तिनं म्हशीच्या पाठीवर पाणी ओतलं. "मायनं धाडलं का आपणहून आलास?"

मला वाटलं, आता हा म्हणणार, आपणहून. कुणीही तेच म्हटलं असतं.

"मायनं धाडलं."

सारजाबाई वळली. बादली हातातच होती. "आपणहून म्हनला असतास तर ही बादली तुझ्या टकुऱ्यात घातली असती," ती म्हणाली. "जा. सांग रतनीला, सारजानं ऐकून घेतलं."

परत आलो तेव्हा बाजेवर सगळं तसंच होतं. युवराजनं निरोप सांगितला. रतनबाईनं अडकित्ता खाली ठेवला, पदराला हात पुसला, यंत्र काढलं, खोचलं. दिवा लुकलुकायला लागला. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"कुणाकडं?"

"सारजामावशीकडं," युवराज म्हणाला.

"कावून?"

"तिचं तिला द्यायला."

रतनबाईनं बोट ठेवलं. लॅपटॉपवर हिरवी ओळ आली आणि दूधकाटा गेला.

"न्या," ती म्हणाली.